ॲड्रिनलचे आजार: आधी काय, मग काय

सोडियम उतरून १२२, पोटॅशियम चढून ५.९, बीपी ८४/५०, आणि बोटांचे पेर चेहऱ्यापेक्षा दोन छटा काळे. असा माणूस ‘गॅस्ट्रो झालाय’ म्हणून सलाइन लावून घेतो, दोन दिवस बरा राहतो, घरी जातो आणि आठवड्यात परत येतो. सलाइनमधल्या मिठाने त्याला तात्पुरते उभे केलेले असते. मूळ दुखणे मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या, प्रत्येकी चार-पाच ग्रॅमच्या ग्रंथींत असते. मराठी पुस्तकांत त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात सगळे ॲड्रिनलच म्हणतात.

ग्रंथीच्या बाहेरच्या भागातून तीन गोष्टी येतात: शरीरात मीठ धरून ठेवणारे अल्डोस्टेरॉन, आजारपणात आणि ताणात तगवून धरणारे कॉर्टिसॉल, आणि थोडी पुरुषी हॉर्मोन्स. आतल्या गाभ्यातून ॲड्रिनलिन. यातले काही कमी पडले, जास्त झाले किंवा ग्रंथीत गाठ आली, की आजार.

तपासण्या पुण्यात आता कोपऱ्यावरच्या कलेक्शन सेंटरलाही होतात. घोटाळा होतो तो क्रमात. स्टेरॉइड आधी दिले आणि रक्त नंतर काढले, थायरॉइडची गोळी आधी आणि कॉर्टिसॉल नंतर, गाठीत सुई आधी आणि मेटानेफ्रिनची (ॲड्रिनलिन मोडून बनणाऱ्या पदार्थाची) तपासणी नंतर. त्यामुळे पुढे प्रत्येक ठिकाणी क्रमावरच भर आहे. डोस दिलेत ते प्रिस्क्रिप्शन समजावे म्हणून; त्यावरून स्वतः औषध सुरू किंवा बंद करू नका. अपवाद दोनच, आजारपणात डोस वाढवणे आणि इमर्जन्सीचे इंजेक्शन. त्या दोन गोष्टी पेशंटला आणि घरच्यांना यायलाच हव्यात.

कॉर्टिसॉल कमी पडते तेव्हा

तक्रारी इतक्या साध्या असतात की महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. अंगात त्राण नाही, भूक गेली, वजन उतरते आहे, सकाळी मळमळ, उठून उभे राहिले की घेरी. दोन खुणा मात्र बोलक्या आहेत. एक म्हणजे मिठाची तलफ: लोणच्याचा खार चाटणे, ताकात चमचाभर मीठ. दुसरी कातडीची. उन्हात रापल्यावर हाताची मागची बाजू काळवंडते. इथे तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुन्या जखमांचे व्रण आणि कपड्याखालची कातडीही काळी पडते. घरच्यांना ‘थोडा काळवंडलाय’ एवढेच वाटते. आधीच्या फोटोशेजारी उभे केले की फरक दिसतो. बिघाड ॲड्रिनलला हुकूम देणाऱ्या, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत असेल तर मात्र कातडी काळी पडत नाही आणि पोटॅशियमही वाढत नाही, तेव्हा या खुणा नाहीत म्हणून आजार नाही असे धरू नका.

पहिली तपासणी सकाळी ८ च्या सुमाराचे कॉर्टिसॉल. त्याच वेळी एसीटीएच (ॲड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला लावणारे पिट्युटरीचे हॉर्मोन), सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि साखर. हिंजवडीत रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्या माणसाचे ८ चे कॉर्टिसॉल वाचण्यात अर्थ नाही, त्याच्या शरीराची सकाळ वेगळी असते. पाळी बदलून काही आठवडे झाल्यावर रक्त द्यावे, नाहीतर सरळ स्टिम्युलेशन टेस्ट (इंजेक्शनने ग्रंथीला चालना देऊन उत्तर पाहणे) करावी. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, काही मशीन त्याने फसतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी एकूण कॉर्टिसॉल खोटे जास्त दिसते. आणि प्रेडनिसोलोन चालू असेल तर तेही बऱ्याच मशीनना कॉर्टिसॉलसारखेच दिसते.

एसीटीएचचा नमुना हा सगळ्यात नाजूक भाग. जांभळ्या बुचाची ट्यूब आधीच बर्फात गार केलेली हवी, रक्त काढल्यावर ती लगेच बर्फात आणि थोड्याच वेळात गार सेंट्रिफ्यूजमध्ये जायला हवी. एप्रिलमध्ये ती ट्यूब तासभर स्कूटरच्या डिकीत फिरली तर एसीटीएच मोडून जाते आणि रिपोर्ट खोटा कमी येतो. मग ॲड्रिनलचा आजार पिट्युटरीच्या नावावर खपतो आणि मेंदूचा एमआरआय होतो. हे टाळायचे तर घरी रक्त घ्यायला बोलावू नका, जिथे प्रत्यक्ष तपासणी होते त्या मुख्य लॅबमध्ये जाऊन द्या आणि ‘बर्फ आहे का’ हे सुई टोचायच्या आधी विचारा.

आकडे असे वाचतात. सकाळचे कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर कमतरता जवळपास नक्की. १५ ते १८ च्या वर असेल तर शक्यता फार कमी. मधल्या पट्ट्यात स्टिम्युलेशन टेस्ट लागते. काही लॅब नॅनोमोलमध्ये रिपोर्ट देतात, त्याला २७.६ ने भागायचे. स्टिम्युलेशनमध्ये २५० मायक्रोग्रॅम सिनॅक्थेन (कृत्रिम एसीटीएच) देऊन ३० आणि ६० मिनिटांनी रक्त घेतात. जुन्या पद्धतीच्या मशीनवर १८ च्या वर उत्तर गेले तर ग्रंथी ठीक. नव्या मशीनवर हाच आकडा १४-१५ पर्यंत खाली येतो, त्यामुळे लॅबची पद्धत कोणती हे विचारल्याशिवाय १६ ला ‘नापास’ म्हणू नये. सिनॅक्थेन आपल्याकडे सहज मिळत नाही. त्याऐवजी ॲक्टॉन प्रोलाँगेटम हे लांब टिकणारे इंजेक्शन स्नायूत देऊन तासाभराने रक्त घेण्याची पद्धत भारतात बरीच रुळली आहे.

कमतरता ठरली आणि एसीटीएच चढलेले असेल, तर दोष ग्रंथीतच. आता पोटाचा सीटी. लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये हा आजार लिहून ठेवला तेव्हा त्यांच्या पेशंटांतही क्षय होता, आणि आपल्याकडे क्षय अजून आहेच. दोन्ही ग्रंथी फुगलेल्या दिसल्या की क्षय, हिस्टोप्लाझ्मोसिस ही बुरशी, किंवा पसरलेला कॅन्सर, असा विचार करायचा. आकसलेल्या दिसल्या तर ऑटोइम्यून (शरीराचाच ग्रंथीवर हल्ला) किंवा फार जुना क्षय. क्षय आणि बुरशी सीटीवर सारखेच दिसू शकतात, म्हणून सुईने तुकडा घ्यावा लागतो. नुसत्या अंदाजावर क्षयाचा कोर्स सुरू केला आणि निघाली बुरशी, तर दुहेरी नुकसान.

ते दुहेरी कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. लघवी केशरी करणारे रिफॅम्पिसिन यकृताला कॉर्टिसॉल भराभर मोडायला लावते. ज्याच्या ग्रंथी आधीच काठावर आहेत, त्याला क्षयाच्या गोळ्या सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत उलट्या आणि बीपी उतरणे सुरू होते, आणि सगळे म्हणतात ‘गोळ्या सोसत नाहीत’. सोसत नाही ते कॉर्टिसॉलचे कमी होणे. रिफॅम्पिसिन चालू असताना हायड्रोकॉर्टिसोनचा डोस बहुधा दुप्पट, कधी त्याहून जास्त लागतो. थायरॉक्सिनचेही असेच. थकवा, टीएसएच थोडे वाढलेले, म्हणून थायरॉक्सिन दिले आणि ॲड्रिनल पाहिलीच नाही, तर ती गोळीही माणसाला क्रायसिसमध्ये, म्हणजे कॉर्टिसॉलअभावी बीपी कोसळून जीवावर बेतणाऱ्या अवस्थेत, ढकलू शकते. आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन. कॉर्टिसॉल भरून काढल्यावर ते वाढलेले टीएसएच पुष्कळदा आपोआप खाली येते.

रोजचे औषध

मोठ्या माणसाला हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत. नेहमीची मांडणी: डोळे उघडताच १०, दुपारच्या जेवणाच्या सुमारास ५, संध्याकाळी ५ च्या आत २.५ किंवा ५. सकाळची गोळी चहा-नाश्त्यासाठी थांबवू नका, बाटली उशाशी ठेवा. संध्याकाळचा डोस रात्री ९ ला घेतला की झोप उडते. हायड्रोकॉर्टिसोन मिळालेच नाही तर प्रेडनिसोलोन ३ ते ५ मिलिग्रॅम सकाळी चालते. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे साधारण २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन.

दोष ग्रंथीतच असेल तर जोडीला फ्लुड्रोकॉर्टिसोन, ५० ते १०० मायक्रोग्रॅम सकाळी. ही शरीरात मीठ धरून ठेवणारी गोळी. तिचा डोस बरोबर आहे का हे कॉर्टिसॉल तपासून कळत नाही. आडवे आणि उभे बीपी, सोडियम, पोटॅशियम, आणि लागल्यास रेनिन (मीठ-पाणी कमी पडले की मूत्रपिंडातून वाढणारा पदार्थ) पाहायचे. उभे राहिल्यावर बीपी पडते आणि मीठ खावेसे वाटते, तर डोस कमी पडतो आहे. पायावर सूज आणि बीपी वर, तर तो जास्त होतो आहे. ही गोळी प्रत्येक केमिस्टकडे नसते आणि मधूनमधून बाजारातून गायबही होते, म्हणून घरात किमान एक महिन्याचा जास्तीचा साठा असावा. शेवटची पट्टी उघडली की मागवायचे, हा नियम स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरसारखा पाळा.

पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात घाम जास्त जातो. ताक, मीठ घातलेले लिंबू सरबत, आणि डॉक्टरांना विचारून फ्लुड्रोकॉर्टिसोनमध्ये थोडी वाढ. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालणार असाल तर दिवे घाटाच्या चढाच्या दिवशी हे विशेष लक्षात ठेवा. एकादशीच्या उपवासाला साबुदाणा खावा की वरई, याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण गोळी चुकवायची नाही, पाणी आणि मीठ बंद करायचे नाही. निर्जळी उपवास या माणसाने करू नये. रोजा ठेवायचा असेल तर रमजानच्या आधी डोस बदलून घ्यायचा, आणि गरगरायला लागले की सोडायचा.

आजारपणात डोस वाढवणे

निरोगी ग्रंथी तापात आपणहून कॉर्टिसॉल वाढवते. तुमची वाढवणार नाही, म्हणून ते काम तुमच्याकडे.

ताप ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइट) वर: दिवसाचा डोस दुप्पट. ३९ च्या (१०२.२) वर: तिप्पट. ताप उतरेपर्यंत, बहुधा दोन-तीन दिवस, आणि मग सरळ मूळ डोसवर. हळूहळू कमी करत बसायची गरज नाही. फ्लुड्रोकॉर्टिसोन तेवढेच राहते. दात काढायचा असेल तर तासभर आधी एक जादा डोस. मोठे ऑपरेशन किंवा बाळंतपण असेल तर शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन, आणि ते भूलतज्ज्ञांना आधीच लेखी सांगायचे. कोलोनोस्कोपीच्या आधीचे जुलाबाचे औषध घरी घेऊ नका, त्यासाठी ॲडमिट व्हा.

सगळ्यात धोक्याची गोष्ट उलटी-जुलाब, कारण गोळी पोटात ठरतच नाही. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा एकदा घ्या. पुन्हा उलटून पडली तर तिसरा प्रयत्न करू नका. इंजेक्शन, आणि दवाखाना.

इंजेक्शनची पिशवी

यात असावे: हायड्रोकॉर्टिसोन सोडियम सक्सिनेट १०० मिलिग्रॅमच्या दोन बाटल्या, इंजेक्शनसाठीच्या निर्जंतुक पाण्याच्या ॲम्प्यूल, २ आणि ५ मिलिच्या सिरिंज, २३ नंबरच्या एक इंची सुया, स्पिरिटचा कापूस, आणि आजाराचे नाव, डोस व डॉक्टरांचा नंबर लिहिलेला कागद. केमिस्टकडून घेताना ‘सोडियम सक्सिनेट’ हे शब्द वाचून घ्या. सांध्यात द्यायचे हायड्रोकॉर्टिसोन ॲसिटेटही मिळते. ते दुधाळ असते, सावकाश काम करते, आणि शिरेत तर मुळीच द्यायचे नसते.

द्यायचे कसे: बाटलीचे झाकण काढून रबर स्पिरिटने पुसा. २ मिलि पाणी सिरिंजमध्ये घेऊन बाटलीत सोडा. जोरात हलवलेत तर फेस होईल, म्हणून तळहातांत धरून रवी फिरवल्यासारखी फिरवा. पाणी स्वच्छ झाले की सगळे ओढून घ्या, सुई बदला, हवा काढा. मांडीचा बाहेरचा, मधला भाग पकडा आणि सुई सरळ, ९० अंशात, पूर्ण आत. घाई असेल तर पातळ कपड्यावरूनही चालते. मोठ्या माणसाला आणि सहा वर्षांवरच्या मुलाला १०० मिलिग्रॅम, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ५०, वर्षाच्या आतल्या बाळाला २५. पहिल्यांदा हे घाबरलेल्या अवस्थेत करू नका. मुदत संपलेली बाटली आणि एक संत्रे घेऊन आधी सराव करा.

सिंहगड चढायला गेलात तर पिशवी सॅकमध्ये, गाडीत नाही. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले औषध खराब झाले असेच समजा.

इंजेक्शन दिल्यावर १०८ ला फोन. हॉस्पिटलच्या दारात पहिले वाक्य हवे: ‘ॲड्रिनल इनसफिशियन्सी आहे, क्रायसिस आहे, हायड्रोकॉर्टिसोन लागेल.’ केसपेपर, रांग, बेड नंतर. तिथे करायचे ते असे: रक्त काढून ट्यूब बाजूला ठेवायची आणि रिपोर्टची वाट न पाहता १०० मिलिग्रॅम शिरेतून, पहिल्या तासात साधारण एक लिटर नॉर्मल सलाइन, साखर कमी असेल तर डेक्स्ट्रोज, मग २४ तासांत २०० मिलिग्रॅम, सलग किंवा दर सहा तासांनी ५०. आयसीयूतली एक बारीक गोष्ट: हायड्रोकॉर्टिसोन मिळताच मूत्रपिंड साठलेले पाणी झपाट्याने सोडते आणि सोडियम अपेक्षेपेक्षा वेगाने चढते. २४ तासांत ते ८ ते १० पेक्षा जास्त वाढू देऊ नये, मेंदूला इजा होते. दर चार-सहा तासांनी सोडियम पाहावे लागते.

पुडीने झोपलेली ग्रंथी

आपल्या भागात ॲड्रिनल बंद पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण बाहेरून घेतलेले स्टेरॉइड हेच. गुडघेदुखीची किंवा दम्याची बिननावाची पुडी, वजन वाढवायला घेतलेली बेटनेसॉल, गोरे होण्याचे मलम, खांद्यात दर महिन्याला दिलेली इंजेक्शने. ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ असे सांगून दिलेल्या पुडीने पहिल्याच दिवशी दुखणे पळाले आणि भूक खवळली, तर संशय घ्या. चेहरा गोल, पोट सुटलेले, हात-पाय बारीक, आणि तरी सकाळचे कॉर्टिसॉल १ च्या खाली: हे कोडे नाही, हा पुडीचा पुरावा आहे.

पुडी उघडकीला आली की घरचे लोक रागाने ती त्याच दिवशी फेकून देतात. इथेच घात होतो. झोपलेल्या ग्रंथीला उठायला महिने लागतात आणि मधल्या काळात साधा ताप जीवावर बेतू शकतो. पुडी बंद करायची, पण त्याच दिवशी मोजता येणारे स्टेरॉइड सुरू करून. तीन-चार आठवड्यांहून जास्त स्टेरॉइड घेतलेल्या कोणालाही हे लागू आहे. प्रेडनिसोलोन ४ ते ६ मिलिग्रॅमपर्यंत मूळ आजार पाहून उतरवतात. तिथून दोन वाटा: महिन्याला १ मिलिग्रॅम कमी करणे, किंवा आदल्या सकाळच्या डोसनंतर २४ तासांनी, त्या दिवशीची गोळी घेण्यापूर्वी कॉर्टिसॉल पाहणे. १० च्या वर असेल तर थांबवता येते. ५ ते १० असेल तर तोच डोस ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा. ५ च्या खाली असेल तर काही महिने धीर. कमी करताना अंग दुखते, मरगळ येते, चिडचिड होते. म्हणून परत पुडीवाल्याकडे जाणारे बरेच.

एक फसवी जोडी: दम्याचा ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा पंप आणि गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल. पंपातले स्टेरॉइड मोडायचे थांबते, रक्तात साठते आणि काही आठवड्यांत तोंड सुजते.

कॉर्टिसॉल जास्त झाले तर

लठ्ठपणा, शुगर आणि बीपी तर निम्म्या सोसायटीत सापडतील, तेवढ्यावर कुशिंगच्या, म्हणजे कॉर्टिसॉल जास्त होण्याच्या आजाराच्या, मागे लागू नका. वेगळ्या खुणा पाहा: जरा आपटले की काळेनिळे डाग, पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, आणि खाली बसल्यावर हाताचा आधार न घेता उठता न येणे. मुलांत एकच खूण पुरते, वजन वाढते आणि उंची थांबते.

आधी पुडी, मलम, पंप, इंजेक्शन यांची चौकशी, ती झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग रात्री ११ ला डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम (आपल्याकडे ०.५ च्या दोन गोळ्या) आणि सकाळी ८ ला कॉर्टिसॉल. १.८ च्या खाली गेले तर ठीक. गर्भनिरोधक गोळ्या सहा आठवडे बंद नसतील, किंवा फिटची फेनिटॉइन-कार्बामॅझेपिन चालू असेल, तर खोटे ‘पॉझिटिव्ह’ येते. जोडीला २४ तासांच्या लघवीतले कॉर्टिसॉल किंवा रात्री ११ ची लाळ. लाळेची तपासणी रात्रपाळीवाल्यांना लागू पडत नाही. दोन वेगवेगळ्या तपासण्या जुळल्यावर एसीटीएच: १० पिकोग्रॅमच्या खाली तर दोष ॲड्रिनलमध्ये, २० च्या वर तर बहुधा पिट्युटरीत. स्कॅन त्यानंतर. आधी स्कॅन केला की कुठेतरी एखादी निरुपद्रवी गाठ सापडते आणि ऑपरेशन चुकीच्या जागी होते. ॲड्रिनलची गाठ काढल्यावर दुसऱ्या बाजूची ग्रंथी झोपलेली असते. तिच्यासाठी पुढे कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त, हायड्रोकॉर्टिसोन लागते. गाठ काढली म्हणजे सुटलो असे समजून ते थांबवणे हाच इथला नेहमीचा अपघात.

बीपी, पोटॅशियम आणि अल्डोस्टेरॉन

तीन गोळ्यांनीही बीपी हटत नाही, पोटॅशियम कमी, चाळिशीच्या आत बीपी किंवा पक्षाघात: अल्डोस्टेरॉन आणि रेनिन पाहायलाच हवे. पोटॅशियम नॉर्मल असले तरी हा आजार असू शकतो, बहुतेकांचे नॉर्मलच असते. २०२५ च्या अमेरिकन एंडोक्राइन सोसायटीच्या मार्गदर्शनात तर बीपीच्या सगळ्याच पेशंटांना ही तपासणी सुचवली आहे.

क्रम: पोटॅशियम आधी भरून काढा, कमी असेल तर अल्डोस्टेरॉन खोटे कमी येते. स्पायरोनोलॅक्टोन चार आठवडे बंद, तेही डॉक्टरांना विचारून. मीठ कमी करू नका. सकाळी उठून दोन तास हिंडा-फिरा, मग लॅबमध्ये पंधरा मिनिटे बसून रक्त द्या. मूठ आवळू नका, पोटॅशियम खोटे वाढते. आणि ही ट्यूब बर्फात ठेवायची नाही! गारठ्याने रेनिन खोटे वाढते. एसीटीएचला बर्फ, रेनिनला नाही; दोन्ही एकाच दिवशी काढली तर दोन वेगळ्या डब्यांत जायला हवीत.

अल्डोस्टेरॉन वर आणि रेनिन दबलेले, गुणोत्तर ३० च्या पुढे, तर पुढे सलाइन टेस्ट (चार तासांत दोन लिटर) आणि सीटी. दोन्ही खाली असतील तर विचारा: घसा बसतो म्हणून रोज ज्येष्ठमध चघळता का? ते बीपी वाढवते आणि पोटॅशियम पाडते, हुबेहूब या आजारासारखे. ऑपरेशन करायचे तर कोणती ग्रंथी दोषी हे दोन्ही बाजूंच्या शिरांतून रक्त घेऊन ठरवतात. हे काम कौशल्याचे, विशेषतः उजवी शीर सापडणे अवघड, त्यामुळे जिथे नेहमी केले जाते तिथेच करावे. एका बाजूचा दोष असेल तर दुर्बिणीने ग्रंथी काढतात, दोन्ही बाजूंचा असेल तर स्पायरोनोलॅक्टोन १२.५ ते २५ पासून. पुरुषांना त्याने छाती दुखते-वाढते, मग एप्लेरेनोन.

धडधड, घाम, डोकेदुखी

झटक्याने येणाऱ्या या तिघांसोबत बीपी २०० च्या वर जात असेल तर गाभ्यातल्या गाठीचा, फिओक्रोमोसायटोमाचा, विचार करा. ‘टेन्शनची धडधड’ म्हणून दिलेले प्रोप्रॅनोलॉल इथे घातक आहे: रक्तवाहिन्या सैल ठेवणारी वाट बंद होते आणि बीपी उसळते. उलटीसाठी दिलेले मेटोक्लोप्रामाइडही झटका आणू शकते. तपासणी म्हणजे २०-३० मिनिटे आडवे पडून घेतलेल्या रक्तातले मेटानेफ्रिन, किंवा ॲसिड घातलेल्या कॅनमध्ये २४ तासांची लघवी. बसून घेतलेल्या रक्तात थोडेसे वाढलेले मेटानेफ्रिन पुष्कळदा काहीच नसते. तिप्पट-चौपट असेल तर गाठ शोधा.

आधी अल्फा ब्लॉकर: प्राझोसिन, पहिली १ मिलिग्रॅमची गोळी रात्री झोपतानाच, कारण पहिल्या डोसला भोवळ येते. किंवा फिनॉक्सिबेन्झामिन. सात ते चौदा दिवस, भरपूर पाणी आणि मीठ. नाडी वाढली तरच आणि तेव्हाच बीटा ब्लॉकर. मग ऑपरेशन. पहिले एक-दोन दिवस बीपी आणि साखर दोन्ही कोसळू शकतात. जनुकीय तपासणी प्रत्येकाला सुचवावी, आणि मेटानेफ्रिन दर वर्षी.

दुसऱ्या आठवड्यातले बाळ

बाळ १०-१५ दिवसांचे, दूध ओढत नाही, उलट्या, वजन जन्माच्या खाली, सोडियम कमी आणि पोटॅशियम ७ च्या पुढे. याला जंतुसंसर्ग म्हणून अँटिबायोटिक सुरू होते, पण ते पोटॅशियम ॲड्रिनलकडे बोट दाखवत असते. कॉर्टिसॉल बनवण्याच्या जन्मजात दोषात (सीएएच) मुलींचे बाह्य अवयव जन्मताच वेगळे दिसतात, म्हणून त्या लवकर सापडतात. मुलगे दिसायला अगदी नीट, म्हणून निसटतात. नात्यात लग्न झाले असेल, मामाची मुलगी वगैरे, किंवा आधीचे एखादे बाळ असेच गेले असेल, तर हे आपणहून डॉक्टरांना सांगा. अवयव वेगळे दिसले तर लपवू नका आणि बारशाची घाईही करू नका. क्रोमोसोमचा रिपोर्ट येऊ द्या.

नमुना टाचेतून, जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत, १७-ओएचपीसाठी (या दोषात वाढणारे हॉर्मोन). कमी दिवसांच्या बाळात हा आकडा खोटा जास्त येतो. औषध हायड्रोकॉर्टिसोन, शरीराच्या दर चौरस मीटरला १० ते १५ मिलिग्रॅम, तीन भागांत. फ्लुड्रोकॉर्टिसोन, आणि पहिल्या वर्षात दुधातून दिवसभरात विभागून १ ते २ ग्रॅम मीठ. बाळाला १ मिलिग्रॅम लागते आणि गोळी ५ ची असते, तिथे घोळ होतो. गोळी पाण्यात पूर्ण विरघळत नाही, खाली बसते. फार्मासिस्टकडून मोजून पुड्या बनवून घेणे चांगले. वाढत्या मुलाला सोयीसाठी डेक्सामेथासोन देऊ नये, उंची खुंटते. केस जास्त आणि पाळी अनियमित असलेल्या तरुण मुलींत ‘पीसीओडी’ लिहिण्याआधी पाळीच्या पहिल्या दिवसांत सकाळचे १७-ओएचपी पाहावे. २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर हा दोष बहुतेक नाही.

सीटीत सापडलेली गाठ

मुतखड्यासाठी सीटी केला आणि ओळ आली: ‘डाव्या ॲड्रिनलमध्ये २.१ सेंमीची गाठ.’ घाबरून जाण्याआधी रिपोर्टमध्ये कॉन्ट्रास्टशिवायचा एचयू आकडा (गाठीची घनता) शोधा. नसेल तर रेडिओलॉजिस्टकडून लिहून घ्या. एकसारखी दिसणारी आणि १० किंवा त्याखालची गाठ चरबीने भरलेली, निरुपद्रवी असते. तिच्यासाठी दर वर्षी सीटी नको. १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची टेस्ट सगळ्यांना, बीपी असेल तर अल्डोस्टेरॉन-रेनिन, एचयू १० च्या वर असेल तर मेटानेफ्रिन. ४ सेंमीहून मोठी, ओबडधोबड, २० च्या वर एचयू असलेली गाठ शस्त्रक्रियेच्या बैठकीत न्यायची. मेटानेफ्रिन आल्याशिवाय गाठीत सुई घालायची नाही.

ज्यांना सगळे रिपोर्ट नॉर्मल असून ‘ॲड्रिनल फटीग’ झालाय असे सांगून महागडी लाळेची किट आणि पावडर विकली जाते, त्यांना एवढेच सांगायचे: असा आजार वैद्यकशास्त्रात नाही. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, बी-१२, टीएसएच, साखर आणि झोप पाहा. पावडरचा डबा मात्र फेकू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. त्यात काय आहे ते सकाळचे कॉर्टिसॉल सांगेल.